नाव पुकारल्याशिवाय

कामिसावा,
९ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. साचिए हिला,
आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे पहाटे अंगणातलं दव गोठू लागलं आहे. काकीच्या झाडाची फळं सोलून वळचणीला वाळत टांगली, पण यंदा आमच्याआधी माकडांनीच चव पाहिली. मुळ्याचं लोणचं पिंपात भरून वर दगड ठेवला. तुझ्या पायांची सूज उतरली का? विहीणबाईंची कंबर कशी आहे? जावईबापूंना म्हणावं, तोक्यो असलं तरी थंडी ती थंडीच. गळ्याशी लोकर गुंडाळत जा.

तुझं पत्र मिळालं. "लोकांच्या आया सातवा लागला की मुलीला न्यायला येतात, आणि माझी आई साधं 'ये' म्हणत नाही. फोन बसवून दिला तर तोही उचलत नाही. मी इतकी नकोशी झाले का?" असं तू लिहिलंस. वाचलं आणि पिंपावरचा दगड काढून पुन्हा ठेवला. काही काम नव्हतं त्याचं.

आधी फोनचं सांगते, ते सोपं आहे. तुला आठवतच असेल, हे गाव वीस वर्षं सोसायटीच्या डब्यावर बोलत आलं. मी एक्स्चेंजमध्ये बसायचं, भिंतीवरच्या डब्यांतून पुकारायचं, "वरच्या आळीचे ओगिसोसान, तुमचा फोन आहे," आणि मग ओगिसोने डब्याचा फोन उचलायचा. एका तारेवर दहा घरं, म्हणजे बाकीच्या नऊ घरांनीही घ्यायचाच, श्वास रोखून. तुझं लग्न ठरल्याचं तुझ्या आत्याला कळायच्या आधी खालच्या आळीत आहेर काय द्यायचा यावर भांडणं झाली होती.

आता डब्यांशेजारी घरोघर काळे फोन आले. ते नुसते किंचाळतात, कुणाला बोलावतात ते सांगत नाहीत. त्यामुळे अजून निम्मं गाव घंटी वाजली की हातातलं काम टाकून उभं राहतं, कुणाचं नाव घेतायत याची वाट बघत. घंटी थांबली की म्हणतात, "आपला नसेल." ओगिसोची म्हातारी तर वाजणाऱ्या फोनपुढे वाकून विचारते, "कोण हवंय आपल्याला?" उचलत मात्र नाही.

हसू नकोस. माझ्या सासूबाईंना देवळाची घंटा पुरायची. आग, पूर, मयत, सगळं ठोक्यांवरून कळायचं. माझ्या तरुणपणी तार आली. लढाईच्या दिवसांत तारवाला चढण चढताना दिसला की बायका दारं लावून घ्यायच्या, आमच्याकडे नको म्हणून. मग डबा आला, आता हा फोन. दर वेळी सोसायटीचे लोक भाषण करतात, की माणसं जवळ येतील. येतही असतील. पण जुनं काढलं की कुणी ना कुणी त्याच्याबरोबर मागे राहतं, ते भाषणात नसतं.

येत्या मार्चअखेर डबे काढणार आहेत. सभेत हात वर झाले. मी केला नाही, पण एका हाताने काय होतंय.

आता दुसरं. ते मी उन्हाळ्यापासून तुला लिहायचं टाळते आहे.

संध्याकाळी मी घरीच असते. तुझी घंटी वाजते, मी उठते, आणि तुझे बाबा आडवे येतात. म्हणतात, "अहो बाई, परक्या घरचा फोन उचलू नये." साचिए, ती परकी बाई म्हणजे मी.

भातलावणीनंतर सुरू झालं. आधी अवजारं कुठे ठेवली ते विसरायचे, मग वार, मग मी. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, उतरणारं नाही. मला "अहो बाई" म्हणतात, जेवण झालं की वाकून आभार मानतात. इतक्या वर्षांच्या संसारात एवढा मान कधी मिळाला नव्हता. पहिल्यांदा हसले मी. मग कांदे चिरायला घेतले.

पण डब्यातला आवाज ते ओळखतात. दुपारी मी एक्स्चेंजमधून पुकारते, "मियाशिता तोकुजीरोसान, फोन घ्या," की लगेच उचलतात आणि विचारतात, "किकु, कधी येतेस?" तारेवर मी किकु असते. घरी पोचले की बाई.

एकदा मी सरकत्या दारामागे उभी राहून तसंच पुकारलं. म्हटलं, मार्चनंतरची सोय होते का बघू. आवाज ऐकून खूश झाले, दार सरकवलं, मला पाहिलं, आणि असे भडकले! "माझ्या बायकोचं बोलणं चोरून ऐकतेस? लाज नाही वाटत?" आयुष्यभर नऊ घरांचं ऐकलेला माणूस हा.

म्हणून तुला ये म्हटलं नाही. तू एवढं पोट घेऊन दारात यायचीस आणि त्यांनी तुला "आपण कोण?" विचारलं तर? तुला ते सोसलं असतं की नाही माहीत नाही. मला सोसलं नसतं. रोज पाटी कोरी करून लिहायला बसावं तशी बसले, आणि हवापाण्याचं लिहून पाकीट बंद केलं.

तुझं पत्र आल्यावर मात्र परवा दुपारी धीर केला. त्यांना पुकारलं. त्यांनी फोन घेतला, पाठोपाठ बाकीच्यांनीही घेतल्याचं मला कळलं. आधी त्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं झालं.

"किकु, तू नसताना एक बाई येते घरी. चांगली आहे. भात जरा मऊ करते. पण तू आल्यावर तुला काय वाटेल?"

"राहू द्या हो तिला. मीच पाठवलीय."

"तू? मग ठीक."

"तिची मुलगी पोटुशी आहे. बाळंतपणाला आईकडे यायचं म्हणते. येऊ दे का?"

तेवढ्यात तारेवर टक्‌ असा आवाज आला. कुणीतरी फोन खाली ठेवला होता. मग आणखी एक टक्‌, मग सगळेच. वीस वर्षांत या तारेवर असं कधी झालं नव्हतं. वरच्या आळीची म्हातारीसुद्धा उठून गेली. पहिल्यांदाच आम्ही दोघं तिथे एकटे होतो, आणि मला एकदम रडू आलं.

"विचारतेस काय?" तुझे बाबा म्हणाले. "आई इथे आहे तर माहेर इथेच. येऊ दे की."

"पण तुम्ही तिला ओळखत नाही."

"बाळंतिणीला कुणी ओळख विचारतं का? मागची खोली उबदार आहे, तिथे झोपेल." मग आवाज बारीक करून म्हणाले, "एवढं कर, आपल्या साचिएला कळवू नकोस. तिची खोली दुसरीला दिली म्हणून बिचारीला वाईट वाटेल."

संध्याकाळी घरी आले तर त्यांनी तुझी खोली झाडली होती आणि जाड दुलई उन्हात वाळवून घडी घालून ठेवली होती. मला म्हणाले, "बाई, तुमच्या मुलीला सांगा, संकोच करू नको म्हणावं."

तर, साचिए, तुला कळवू नको म्हणून सांगितलेलं सगळं कळवलं. बर्फ पडायच्या आधी ये. फोन करू नकोस, ये. त्यांनी नाव विचारलं तर सांग, नाही विचारलं तर वाकून नमस्कार कर आणि आपल्या खोलीत जा. स्टेशनवर मी येईन.

मार्चनंतर मी त्यांची कोण असेन, ते मला ठाऊक नाही. तुझी मात्र आहेच,

आई