मेणाचा क्रूस

२९ सप्टेंबर १९७९, एनेझ-दू

पोचले एकदाची! बोटीत समोरच्या बाकाला एक डुक्कर बांधलेलं होतं. बंदराच्या तोंडापर्यंत आम्ही दोघंही ठणठणीत होतो. पुढे लाटा सुरू झाल्या आणि त्याने हार मानली, मी नाही. तांडेल फांशने सुकाणूवरूनच ओरडून मला शाबासकी दिली. बेटावर कशाला आलीस, म्हणून विचारलं. किनारवाटेची राखण करायला नेमलंय म्हणाले, तर पोट धरून हसला. "अगं, त्या वाटेवरून आमची मेंढरं तीनशे वर्षं चालतायत. त्यांना कुणी दमडीचा पगार दिला नाही!"

धक्क्यावर बार्बामावशी ढकलगाडी घेऊन उभी होती. काळा झगा, काळा रुमाल, हात मात्र खलाशासारखे. माझी ट्रंक एकटीने उचलून गाडीत टाकली आणि म्हणाली, "चल. की तुलाही गाडीतच घालू?" तिच्या नवऱ्याला आणि दिराला समुद्राने नेलं. चमचे कुठल्या खणात आहेत ते सांगावं, तशाच सुरात तिने हेही सांगितलं. लेक व्यापारी बोटीवर स्वयंपाकी आहे.

माझी खोली निळ्या रंगाची. खिडकीतून थेट पश्चिम, म्हणजे नुसतं पाणी. रात्री काळ्या पिठाची धिरडी आणि खारं लोणी इतकं खाल्लं, की तुग्दुआलने चिडवलं असतं. माझ्या या धाकट्या भावाची पैज आहे, की मी आठवडाभरसुद्धा टिकायची नाही. आई गेल्यापासून मीच वाढवला त्याला, आणि आता तो मला शिकवतोय. नोव्हेंबरच्या एक तारखेला, सर्व संतांच्या दिवशी, आईच्या थडग्यावर फुलं घालायला दोघांनी केंपेरात भेटायचं ठरलंय.

३ ऑक्टोबर

सगळी वाट पायाखाली घातली. जुने जकातवाले चोरट्या मालावर नजर ठेवायला जिथून फिरायचे तीच ही वाट. कड्याच्या अगदी काठाने बेटाला वळसा घालून पुन्हा धक्क्याशी येते. माझं काम सोपं आहे. काठ जिथे ढासळलाय तिथले खुंट आणि दोर आत सरकवायचे, पाट्या सरळ करायच्या, सुटीच्या दिवशी पाहुण्यांना फिरवायचं. उत्तरेला दीपगृह, पुढे सीलांची घळ, पश्चिमेच्या टोकाला 'घोड्याचा जबडा' नावाचे काळे सुळके. त्यांच्यात लाट शिरली की खरंच घोडा फुरफुरल्यासारखा आवाज होतो. बेटावर झाड असं नाहीच. वाऱ्यात मेंढरांना टेकायला दगडी आडोसे बांधलेत, तिथेच बसून मी भाकरी खाल्ली. कित्येक वर्षांत इतकी सुखाने जेवले नव्हते.

८ ऑक्टोबर

काल पहिली सहल. ब्रेस्तहून एक जोडपं आणि त्यातल्या बाईंच्या सासूबाई. सासूबाई सर्वांच्या पुढे. शाळेत शिकवणारी रोझेनही आली होती. तीही माझ्यासारखी मुख्य भूमीवरची, तिसऱ्या वर्षीही इथले लोक तिला 'नवी बाई'च म्हणतात. मला म्हणाली, "म्हणजे तू अजून जन्मलीसच नाहीस इथे."

परतताना तिने मला दफनभूमीतलं छोटं दगडी घरटं दाखवलं. समुद्रावर गेलेल्याचं प्रेत मिळालं नाही, की इथले लोक मेणाचा बोटाएवढा क्रूस करतात. पाद्रीबाबा त्यावर गेलेल्याचं नाव घेतात, मग प्रेताच्या जागी तो घरात ठेवून जागरण करतात आणि शेवटी या घरट्यात ठेवतात. जाळीतून पाहिलं तर आत पिवळट ढीग दिसला. मावशीला हे सांगितलं तर तिचा चेहरा कोरा झाला. पाहुण्यांना ते दाखवायचं नाही, एवढंच म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

१२ ऑक्टोबर

रोझेन सुटीसाठी घरी गेली. धुकं. दीपगृहाचा भोंगा दिवसभर हंबरतोय. पश्चिम टोकाजवळ काठाला लांब भेग पडली आहे. तिथले खुंट उद्याच आत घ्यायला हवेत. मावशीने मला लोकरीचे मोजे दिले आणि वर म्हणाली, की पाय इतके मोठे असतील असं वाटलं नव्हतं, लोकर संपली.

१५ ऑक्टोबर

पेन्सिलीने लिहितेय. मेंढरांच्या आडोशाला आहे. शाईची दौत खोलीत, आणि खोली आता—

नीट लिहिते. काल खुंट काढताना काठ माझ्यासकट गेला. खाली एका कपारीत अडकले. माझा पिवळा कोट आणि टोपी समुद्रात पडली, पाठीवरची पिशवी आणि ही वही राहिली. भरती उतरेपर्यंत वर येता येईना. रात्रभर तिथेच होते. आज दुपारी नखं फोडून घेत वर आले. गुडघा सोलवटलाय, रक्त येतंय, भूक लागलीय. हे मुद्दाम लिहितेय. मेलेल्या माणसाला भूक लागत नाही.

घरी पोचले तेव्हा खिडकीत मेणबत्त्या होत्या. आत गाव जमलेलं. टेबलावर पांढरं कापड, त्यावर माझी ओली टोपी आणि टोपीपाशी मेणाचा क्रूस.

मला हसूच आलं. दार ढकलून म्हणाले, अहो, मी आहे, थांबवा हे. कुणीही वळलं नाही. प्रार्थनेचा आवाज मात्र चढला. मी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा थरथरला, म्हणजे हात तिला लागला. फांश उठला, धूर बाहेर जायला उघडावं तसं त्याने दार सताड उघडलं, आणि जमिनीकडे पाहत उभा राहिला. मी बाहेर पडेपर्यंत.

मग अडसर पडला.

१८ ऑक्टोबर

दुकानात गेले, दुकानवालीने तोंड फिरवलं. पाद्रीबाबा मला पाहून रस्ता ओलांडून गेले. रागावलेलं कुणी दिसत नाही, आणि तेच वाईट आहे. रोज संध्याकाळी मावशीच्या कुंपणाच्या भिंतीवर धिरडी आणि दुधाचं भांडं ठेवलेलं असतं.

आज बोटीत चढले. तिकीट आहे माझ्याकडे. बाकावर जाऊन बसले. कुणी मला हात लावला नाही. एकेक जण उठून उतरला. बायका, खलाशी, शेवटी फांश. सगळे धक्क्यावर बोटीकडे पाठ करून उभे राहिले. पावसात. मी ओरडले, रडले, फांशला त्याच्या डुकरावरून शिव्या दिल्या. त्याची मान जरा हलली, हसू दाबताना हलते तशी. की रडू. तासाभराने मीच उतरले. मग ते चढले.

होड्यांची वल्ही सगळ्यांनी घरात नेलीत.

२० ऑक्टोबर

आज मावशी बोलली. माझ्याशी नाही, कोंबड्यांशी. दाणे टाकत, माझ्याकडे पाठ करून.

"ऐकतेस ना गं, पांढरे? नाव समुद्राला देऊन झालं. परत आलेल्याला जो त्या दिलेल्या नावाने हाक मारील, त्याला समुद्र बदल्यात नेतो. जोझोन असाच नाव दिल्यावर परत आला होता, मी नवी नवरी होते तेव्हा. बायकोने दार उघडलं, नावाने हाक मारून गळ्यात पडली. आठवडा झाला नाही, शिंपले वेचायला गेली ती गेलीच. म्हणून आम्ही पाहत नाही. पाहिलं की बोलावंसं वाटतं, बोललं की नाव येतंच तोंडात. आणि बोटीवर? बोटीत बसवलं तर तो बोटीसकट नेईल. माझा लेक आहे गं पाण्यावर. तुला चांगलं खायला घालीन, पांढरे. जन्मभर घालीन."

कोंबडी केव्हाच दुसरीकडे गेली होती. मी विचारलं, जोझोनचं पुढे काय झालं? तिने दाण्यांचं सूप झटकलं. "चालतो," म्हणाली, आणि आत गेली.

वेडे आहेत हे सगळे. रोझेन परवा येतेय. ती यांच्यातली नाही.

२२ ऑक्टोबर

रोझेनच्या खोलीत आहे! ऊन पाणी, सूप, कोरडे कपडे!

बोट लागली तेव्हा मी धक्क्याच्या टोकाला उभी होते. तिने फळीवर पाय ठेवताच मला पाहिलं आणि ओरडली, "अझेनोर! अगं काय अवतार हा!" आणि मला मिठी मारली. कुणीतरी माझं नाव घेतलं! मी लहान पोरीसारखी रडले.

तिच्या खांद्यावरून मला धक्का दिसत होता. सगळ्यांनी टोप्या काढल्या होत्या. रोझेनसाठी.

तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग भडकली. म्हणाली, पुढच्या बोटीने दोघी जाऊ आणि तिथे पोचल्यावर पोलिसांत जाऊ. "पाठ करून उभे राहू देत, मी स्वतः बोट हाकीन."

२४ ऑक्टोबर

रोझेन गेली.

समुद्र शांत होता. तळ्यासारखा. ती धक्क्याच्या पायऱ्यांवर बादली विसळत होती, मी वर उभी होते. एकच लाट आली. मोठीही नव्हती. पायऱ्या धुऊन परत गेली आणि पायऱ्यांवर फक्त बादली होती.

मी तिला हाका मारल्या. तिच्या नावाने.

२५ ऑक्टोबर

शाळेच्या खिडकीत मेणबत्त्या.

परत आडोशाला आलेय. कुणी हाकललं नाही. मीच.

२७ ऑक्टोबर

वाटेवर पुढे एक माणूस चालतो. धुक्यात पाठ दिसते. पहिल्या दिवशी वाटलं पाहुणा असेल, मी हाक मारली. वळला नाही. मी थांबले की तो थांबत नाही, तरी अंतर तेवढंच राहतं. जोझोन आज असता तर ऐंशीच्या घरात असता. हा ताठ चालतो. तरुणासारखा.

मी का चालते? बसले की समुद्राचा आवाज शब्दांसारखा येतो. चाललं की बरं वाटतं. दीपगृह, घळ, जबडा, धक्का, पुन्हा दीपगृह. सुंदर आहे. खरंच सुंदर आहे, हेच—

२८ ऑक्टोबर

चूक केली.

टपालघर उघडं टाकून बाई बाहेर गेली होती. फोन होता. फक्त आवाज ऐकावा म्हणून. तुग्दुआलने उचलला. हॅलो म्हणाला. कोण बोलतंय म्हणाला. मी तोंडावर हात दाबून धरला. माझा श्वास ओळखला असणार, एका खोलीत वाढलो आम्ही. हळूच म्हणाला, "अझे—"

मी फोन आपटला.

अर्धं नाव. अर्धं मोजतो का समुद्र? मावशीला विचारायला गेले. तिने दार लावून घेतलं.

३० ऑक्टोबर

बोटीतून तुग्दुआल उतरला. काळा टाय. केस कापलेत. बारीक झालाय. मी मासळीच्या पेट्यांमागे लपले. तो प्रत्येकाला काहीतरी विचारत होता. फोन कुणी केला, हेच. फांश मान हलवत होता.

माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. त्याच्या कोटाला आपल्या घराचा वास.

३१ ऑक्टोबर

गावभर फिरतोय. मावशीच्या भिंतीवरची धिरडी त्याने पाहिली. कुणासाठी, म्हणून विचारलं. ती म्हणाली, कोंबड्यांसाठी. त्याचा विश्वास बसला नाही. मी ओळखते त्याला.

जा ना रे. उद्या आईकडे फुलं—

१ नोव्हेंबर

तो वाटेवर आलाय. एकटा. धुकं आहे. मी जबड्याजवळच्या आडोशात, दगडाला पाठ लावून. फटीतून मला तो दिसतोय, त्याला मी नाही. जिथून मी पडले तिथेच पाहायला आलाय. मीच उपटलेला खुंट हातात घेऊन उभा आहे.

काठावर जातोय.

तिथली माती खालून पोकळ आहे. मला माहीत आहे.

ओरडले तर थांबेल. ओरडले तर वळेल आणि पूर्ण नाव—

बाही दातांत धरलीय. लिहीत राहायचं. हात चालू ठेवला तर तोंड बंद राहील.

पुढे चालणारा माणूस आज थांबलाय. पहिल्यांदाच. माझ्याकडे पाहत नाही. तुग्दुआलकडे पाहतोय.

आणखी एक पाऊल. वाकून खाली बघतोय. माती सुटतेय, खडे पडल्याचा आवाज—

मागे हो. बाळा, मागे हो. मागे हो मागे

तो वळला.

मी बोलले? मी फक्त लिहि—

काठापासून लांब आलाय. धावत येतोय, इकडेच. हसतोय. रडतोय. नको, तुग्दुआल, नको, तोंड उघडू नको, मी नाही, इथे कुणी नाही, अ