धुऊन नेलेले पाय

वजरीने उजवी टाच घासून डावा पाय बादलीत घातला, तेव्हा बायको मोरीच्या दारात येऊन म्हणाली, “एवढं घासलंस तर फादरना धुवायला काय उरणार रे?” आई, तू हसली असतीस. आज पवित्र गुरुवार. येशूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून फादर चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्सात बारा जणांचे पाय धुतात, आणि यंदा त्या बारांत मी होतो. सगळेच घरून पाय धुऊन येतात. एकाने तर पावडर लावली होती.

तुझ्या अंत्यविधीला तुझा धाकटा पिऊन आला. शवपेटीला खांदा द्यायला पुढे झाला आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, “लांब हो.” तो झाला. त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली. महिन्यापूर्वी कांदिवलीहून त्याच्या बायकोचा फोन आला. “दादा, त्यांचं लिव्हर गेलंय. तुम्हाला विचारतात. एकदा येऊन जा ना.” येतो म्हणालो. गेलो नाही. उपवासकाळ मात्र पुरा पाळला, मटण नाही, दारू नाही. कन्फेशनमध्ये भावावरचा राग सांगितला. फादर म्हणाले, आधी त्याला भेटा. हो म्हणालो आणि पापक्षमा घेऊन बाहेर आलो.

मी दहा वर्षांचा असेन. रविवारी सकाळी त्याच्या थोबाडीत मारून मी इस्त्रीचा शर्ट घातला. तू चपात्या लाटत होतीस. “त्याच्याशी बोल, मगच मिस्साला चल.” मी बोललो नाही, तरी तुमच्या मागून आलो. कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला उठतो तर बाकाच्या टोकाला तू गुडघे आडवे ठेवून बसलेली. लोक बघतायत. तू सरकत नाहीस. मी खाली बसतो.

आज कुणी आडवं आलं नाही. फादर वाकले, पाणी ओतलं, पाय पुसला, त्यावर ओठ टेकवले. पाणी गार होतं एवढं कळलं. आत काही हललं नाही. ओळखीचे लोक कौतुकाने बघत होते आणि मला ते आवडलं.

हे तुझ्या कबरीवर ठेवायचं म्हणून लिहायला घेतलं. ठेवणार नाही. त्याची बायको तिथे मेणबत्ती लावायला येते. तिच्या हाती लागेल. तो माफ करणार नाही अशी भीती मला नाही. तो लगेच करेल. त्याच्या खाटेशी बसून ते ऐकून घेणं मला जमणार नाही.

वरचं काल लिहिलं. आज शुक्रवार, सकाळी सात वाजता मी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला गेलो. येशूच्या यातनांच्या चौदा चित्रांपुढे गुडघे टेकले. घरी आलो तर कांदिवलीचे दोन मिस्ड कॉल होते. मी उलट फोन केला नाही.