नऊ जणांतला सातवा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार दुकानाच्याच वरच्या दोन खोल्यांत, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल काही विचारत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. हे मी राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. नऊ मुलांच्या आईवर दडपण आणायचे, तर आधी नंबर लावावा लागतो.

माझ्या पश्चात मुलांत तंटे होऊ नयेत म्हणून हे लिहिण्याची पद्धत आहे. तंटे होणारच. ते माझ्या नावावर होऊ नयेत, एवढाच माझा हेतू आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण बसून लिहायला जागा आणि वेळ एकदम कधी मिळाले नाहीत.

मुलांची कागदोपत्री नावे आणि जन्मतारखा सोबतच्या यादीत आहेत. खाली मात्र मी घरातलीच नावे वापरते. कागदावरच्या नावाने हाक मारली तर आमच्यात कोणी ओ देत नाही. शाळेत दोघे जण समोर बसलेले असून पहिला आठवडाभर असेच गैरहजर लागले होते.

कलम १. वरच्या दोन खोल्या थोरलीला द्याव्यात. या खोल्यांत आम्ही अकरा माणसे राहिलो. रात्री मुले एका ओळीत झोपत, आणि एकाने कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागे. थोरलीला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत स्वतःची अशी उशी नव्हती. लहानांची नाके पुसण्यात तिचे अर्धे बालपण गेले, आणि ती तक्रार करत नाही म्हणून मी ते चालू दिले. भावंडांनी तिच्याकडे जरूर राहायला यावे, मात्र विचारून यावे आणि परत जावे.

कलम २. खालचे दुकान, सर्व पाने, पंप, चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढायचे स्टँड आणि पंक्चर बघायचे घमेले चौथीला द्यावे. तिला आम्ही मिस्त्री म्हणतो. चाक फिरवले की कुठली तार सैल आहे हे ती नुसते ऐकून सांगते. चव्वेचाळीस वर्षे मी नवऱ्याबरोबर हे दुकान चालवले, आणि गेली अकरा त्याच्यामागे, पण मला अजून हात लावून बघावे लागते.

मिस्त्रीने आणि तिच्या नवऱ्याने मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवले आहे. त्या दोघांनी ते विचार करून ठरवले, जसे आम्ही दोघांनी नऊ ठरवली. मला पोचवायला जमलेल्यांपैकी जो कोणी तिला "मग, गोड बातमी कधी?" असे विचारील, त्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळू नये. ज्यांना तसेही काही मिळणार नव्हते, त्यांना चहासुद्धा देऊ नये.

कलम ३. बँकेतील शिल्लक नऊ सारख्या भागांत वाटावी. यावर चर्चा नको.

कलम ४. आता मतांची वाटणी. नऊ मुलांमुळे लोकांची मते मला आयुष्यभर फुकट मिळत गेली. बाळंतपणे मी केली आणि मते इतरांनी दिली. ती मी ज्याची त्याला परत करते.

बसच्या कंडक्टरने विचारले होते, "शाळेची सहल आहे का, बाई?" त्यांना त्यांचा विनोद परत. तो बरा होता, आम्ही पुढे घरात वापरला. पाचव्या वेळी "आता हे बंद करा" असे माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला सांगणाऱ्या डॉक्टरांना त्यांचा सल्ला परत. एका गिऱ्हाइकाने ब्रेक दुरुस्त होईपर्यंत दुकानात बसून विचारले, "कामगार पैदा करताय की काय?" त्याचा ब्रेक मी तरीही नीट लावला होता, याची नोंद असावी.

दुसऱ्या बाजूचेही होते. एक सद्गृहस्थ दर महिन्याला यायचे, रांगेतल्या पोरांकडे बघून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "सगळ्यांनी तुमचा आदर्श घ्यावा." मी त्यांना सांगितले, आधी घरी बायकोला विचारून या. त्यानंतर ते सायकल दुसरीकडे नेऊ लागले.

आमची नऊ मुले दैवाने, कृपेने किंवा चुकून झाली नाहीत. माझा नवरा एकुलता एक होता आणि लहानपणी एकटा जेवायचा. त्याला घर भरलेले हवे होते, आणि मला तो हवा होता. पुढे मलाही ते आवडू लागले. माझे मत विचाराल तर, नऊ होऊ द्या अशी शिफारस मी कोणाला करणार नाही, आणि तक्रारही करणार नाही. पाच झाल्यावर सहावे जड जात नाही, हे लोक म्हणतात ते खरे आहे. पण ते जड जात नाही हाच त्या सहाव्यावर अन्याय आहे, हे मला फार उशिरा कळले.

कलम ५. या मृत्युपत्राची व्यवस्था सहाव्याने पाहावी. त्याला घरातले कोणतेच काम कधी मिळाले नाही, कारण त्याची पाळी येईपर्यंत ते झालेले असायचे.

कलम ६. माझी निळी शाल धाकट्या बहिणीला द्यावी. तिला एकच मुलगा. माझ्या पाचव्या वेळी ती भेटायला आली आणि पलंगाशी बसून म्हणाली, "एवढ्यांत एकेकाकडे लक्ष तरी कसं गं देतेस?" मी म्हटले, "तू एकाकडे इतकं देतेस की त्याला शिंक यायच्या आधी तुझा रुमाल येतो." त्यावर आम्ही दोन वर्षे बोललो नाही. तिने तो टोमणा मारला होता असे मी इतकी वर्षे धरून बसले. टोमणा होताच. पण प्रश्नही होता, आणि त्याचे खरे उत्तर मी पुढच्या कलमात देत आहे. बहिणीने ते वाचावे आणि जास्त खूश होऊ नये.

कलम ७. हे कलम सातव्यासाठी आहे. तो कमी बोलतो म्हणून त्याला आम्ही मौनी म्हणतो.

आमच्या घरातल्या फोटोंचा हिशेब असा. थोरलीचे लहानपणीचे चौदा फोटो, सगळे स्टुडिओतले. दुसऱ्याचे सहा. तिसऱ्याचे आणि मिस्त्रीचे एकत्र दोन. पाचवीचा, म्हणजे गुब्बीचा, एक. तोही पंक्चर काढायला आलेल्या गिऱ्हाइकाने रीळ संपवायचे म्हणून काढलेला. सहाव्याचा अर्धा, कारण गुब्बी मध्ये आली. पुढे थोरली नोकरीला लागली आणि पहिल्या पगारात जुना कॅमेरा घेऊन आली, त्यामुळे आठव्या-नवव्याचे पुष्कळ आहेत. तोवर मौनी चार वर्षांचा झाला होता. त्याच्या तान्हेपणाचा एकही फोटो नाही.

आठ वर्षांचा असताना तो शाळेतून आला आणि म्हणाला, "आई, माझा बाळपणीचा फोटो पाहिजे. वहीत चिकटवायचाय." मी दुकानात होते, हात काळे होते, समोर तीन गिऱ्हाइके होती. मी वर गेले आणि गुब्बीचा फोटो आणून दिला. बाळे सगळी सारखीच दिसतात. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, बराच वेळ बघितला, आणि मला म्हणाला, "मी हसतोय." मी म्हटले, "हो, तू फार हसायचास."

गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली. मी आणि गुब्बी बघायला गेलो, तर भिंतीवर दोन चौकटी शेजारी शेजारी. एकीत त्याची लेक, दुसरीत गुब्बी. मौनी, जो दिवसाला दहा शब्द बोलतो, तो मला हाताला धरून तिथे घेऊन गेला. "बघ ना आई, अगदी माझ्यावर गेलीय. कान बघ, हसू बघ." मी मान हलवली. जिन्यात गुब्बीने मला थांबवले.

"आई, तो फोटो माझा आहे ना?"

"हो."

"मग त्याला सांगणार कधी?"

"बघू."

"आई, तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. मला फोटो नकोय. पण तो खोट्या कानांकडे बघून खूश होतोय, हे मला बघवत नाही."

म्हणून हे मृत्युपत्र. खरे सांगायचे तर खोल्या आणि पाने-पंप यांच्यासाठी मी वकीलबाईंना त्रास दिला नसता. मला हे अशा ठिकाणी लिहायचे होते, जिथे ते वाचले जाईल तेव्हा मी समोर नसेन. त्याचे तोंड बघायची माझी हिंमत नाही.

तर मौनी, तो फोटो तुझा नाही. तुझा फोटो कोणी काढला नाही. मीही नाही. त्याबद्दल मला वाईट वाटते, आणि नऊ मुले होती हे त्याचे कारण आहे, पण सबब नाही. फोटोऐवजी मी तुला पुढील गोष्ट देते. ती फक्त तुझी आहे, इतर आठांचा तिच्यावर हक्क नाही.

तू अडीच वर्षांचा होतास. मी ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधायला लागले की तू घमेल्याशी येऊन बसायचास. बुडबुडे माझ्याआधी तुला दिसायचे. तू काही न बोलता भोकावर बोट ठेवायचास आणि माझ्याकडे बघायचास. एका दुपारी तू असेच बोट ठेवलेस, आणि वर आठवे रडायला लागले. मी गेले. त्याला घेतले, मग दुसऱ्या दोघांचे भांडण सोडवले, मग स्वयंपाकाला लागले. तू खाली आहेस हे मी विसरले. किती वेळ गेला ते मला माहीत नाही, पण भाजी शिजून झाली होती. खाली आले तर तू तिथेच, तसाच, हात पाण्यात. बोटे पांढरी पडून सुरकुतली होती. मी म्हटले, "अरे, तू अजून इथेच?" तू म्हणालास, "सोडलं तर हरवेल." ते तुझे पहिले पूर्ण वाक्य. ऐकायला मी एकटीच होते. तेव्हा मला हसू आले होते. आज लिहिताना येत नाही.

तुझे कान बाहेर आलेले होते, उजवा जास्त. तू हसायचास ते फक्त चाक जोरात फिरत असताना. तुझ्या लेकीचे कान तुझेच आहेत, फोटोची गरज नाही.

वकीलबाईंनी इथपर्यंत वाचले आणि चष्मा काढला. म्हणाल्या, "आजी, आठवण ही मिळकत नाही. आणि मृत्युपत्र तुमच्या पश्चात लागू होतं. त्यांना पुढे काही विचारायचं असलं तर ते विचारणार कोणाला?"

 म्हणून कलम ७ पुरता बदल करते. बाकी सर्व कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. हे एक आजपासून लागू आहे. रविवारी सकाळी मी मौनीच्या घरी जाईन, एकटी, आणि हे त्याला माझ्या तोंडाने वाचून दाखवीन. त्याला जे विचारायचे ते त्याने विचारावे. तो गप्प राहिला तर मी बसून राहीन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, आणि सही माझीच आहे. हाताला वंगण लागले आहे, त्यामुळे शेजारी अंगठाही उमटला आहे. तोही माझाच.

साक्षीदार: १. समोरच्या औषधांच्या दुकानाचे मालक. २. आमच्या गल्लीत टपाल वाटणाऱ्या बाई. दोघांनाही यात काही मिळणार नाही, आणि दोघांनीही मला नऊ मुलांबद्दल कधी काही विचारलेले नाही.

स्थळ: दुकानाच्या वरची खोली, खिडकीकडचे टेबल.
तारीख: शिक्क्यावर आहे तीच. वार शुक्रवार. मध्ये शनिवार आहे.