अप्पा, यंदाची गोबी कढईबिगर

प्रिय अप्पा,

काल येळवस झाली, आपली रानातली वेळ अमावस्या. तुम्ही नसतानाची पहिली. दरसाली हुलसूरच्या रानातून बिदरला घरी येऊन मी चप्पल काढते न काढते तोच तुमचा फोन यायचा. "काय मंगल, कशी झालती गोबी? खरं सांग." स्वतः तळायची, अख्ख्या शिवाराला खाऊ घालायची आणि वर संध्याकाळी तारीफ वसूल करायची! काल घरात शिरले आणि सवयीनं मोबाईल हातात धरून बसले. मग म्हटलं, यंदा गोबी मी केलीय, तर विचारायचं पण मीच. तिकडं फोन लागत नाही, म्हणून हे पत्र.

शाळेत पोरांना शुद्ध लिहायला शिकवते, पण तुमच्यापाशी काय शुद्ध लिहायचं! जसं तोंडात येईल तसं लिहायलेय. गोड मानून घ्या.

तर ऐका. तुम्ही गेल्यापासून घरात कढई चढलेली नाही. मयत झालेल्या घरात वरीसभर तळण करायचं नाही, हे तुमच्या बहिणीनं, चिंताकीच्या आत्यानं, दहाव्यालाच सगळ्यांना बजावलं होतं. दिवाळीला चकली नाही, करंजी नाही. आम्हाला खायची वासनाच नव्हती, त्यामुळं कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते येळवसला.

रानाची पूजा चुकवायची नाही, हेही आत्याच म्हणाली. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी शिजवायची, आंबील करायची, उंडे वाफवायचे, खीर आटवायची. ह्यातलं काहीच तळावं लागत नाही. पण तुमची गोबी? बाकीच्यांच्या रानात लोक भज्जी खायला जातात, आपल्या रानात गोबी खायला येतात! कडब्याच्या कोपीपुढं तीन दगडांवर कढई मांडून तुम्ही उभे राहिलात की ज्याची वाट दुसरीकडं तोही वळून यायचा. आई बाजूला बसून फ्लॉवरचा एकेक तुरा पिठात घोळवून तुमच्या हाती द्यायची. आणि किती भांडत होतात हो तुम्ही दोघं तिथं! मीठ कमी, जाळ जास्त, पीठ पातळ. वर्षभराचं भांडण तेवढ्या दुपारी उरकून घ्यायचात.

ह्या वर्षी आई म्हणाली, "तुमी जावा समदे. मी न्हाई येत. कढई न्हाई तर मी तितं बसून काय करू?"

मला भीती वाटली, अप्पा. आई सगळ्यांचं करते, पण स्वतः दोन घास खाऊन ताट सारते. विचारलं की म्हणते, "चव लागंना गं." तुमच्यामागं रानात तिनं एकदाही पाय टाकला नव्हता. तुमच्या लेकानं, सतीशनं, तुमच्याच सरीत गोबी लावली, गड्डे हे एवढाले झाले, तरी बघायला गेली नाही. येळवसला गेली नाही तर ही आता कधीच रानात जायची नाही, हे मला चक्क दिसत होतं. तुम्ही तर गेलातच. ही पण घरात बसल्या बसल्या जायली, आणि आम्ही बघत बसायचं?

मग मला पेटी आठवली. हसू नका!

डॉक्टरनं तुमचं तळलेलं बंद केलं तेव्हा किती हौसेनं मी तो एअर फ्रायर आणून दिला होता. तुम्ही काय म्हणालात? "वाऱ्यावर कुणी तळतंय व्हय? ही कसली पेटी आणलीस?" एक तुकडा खाल्लात, आणि उरलेली गोबी माझ्यादेखत म्हशीला घातलीत. वर पेटी सतीशच्या हाती माझ्याकडं परत. आणि पुढच्याच महिन्यात बसस्टँडच्या गाड्यावर लाल लाल गोबी खाताना सतीशनंच तुम्हाला धरलं! कामून, अप्पा? जिभेला थोडं आवरलं असतं तर अजून दोन-चार येळवशी मिळाल्या असत्या की आम्हाला. हा राग माझा अजून गेलेला नाही. सांगून ठेवते.

आत्याची परवानगी काढायची होती. फोन लावला आणि म्हटलं, "आत्या, कढई न्हाई, उकळतं तेल न्हाई. नुस्ता गरम वारा. चालतंय का?"

आत्याची मग वकिलासारखी उलटतपासणी. "तेल किती लागतंय?"

"पळीभर. वरून पुसायला."

"चर्र वाजतंय का?"

"न्हाई. पंख्यावानी घुंई वाजतंय."

"मग त्याला तळण कसं म्हणावं? कर की. मलाबी ठेव."

झालं! आता गोबी जमवायची होती. पहिल्या दिवशी मी तुमच्यासारखं भज्याचं पीठ कालवलं. ते पेटीच्या जाळीतून खाली गळालं आणि तुरे जाळीला चिकटले ते उलथन्यानंही निघेनात. दुसऱ्या खेपेला हावरटासारखी पेटी गच्च भरली, तर गोबी कुरकुरीत व्हायच्या ऐवजी वाफवून निघाली. तुम्ही असता तर महिनाभर चिडवलं असतं. पण मी पण तुमचीच पोरगी. सोडते काय?

आता नीट ऐका, तिकडं उपयोगी पडेल. तुरे हळद-मिठाच्या गरम पाण्यात घालून अळ्याबिळ्या काढायच्या. मग फडक्यावर पसरून पंख्याखाली खडखडीत कोरडे करायचे. ह्यात आळस केला की संपलं. दह्यात आलं-लसूण, लाल तिखट आणि धन्याची पूड घालून ते मिश्रण तुऱ्यांना घट्ट चोळायचं. वरून तांदळाचं पीठ आणि ज्वारीची भरड. हो, ज्वारीची भरड! ही माझी अक्कल. दातांखाली अशी काही वाजते! तेलाचा नुसता हात फिरवायचा, पेटीत सुटे सुटे मांडायचे, मधे एकदा हलवायचे आणि शेवटी आच वाढवायची. निघाले की गरम असतानाच लसणाची चटणी भुरभुरायची. नवऱ्यानं खाल्ली आणि परत ताटली पुढं केली. तेव्हाच ओळखलं, जमली.

आईला मी "येतीस का" असं विचारलंच नाही. काल सकाळी हुलसूरला गेले, ओसरीवर बसलेल्या आईच्या मांडीवर पेटी ठेवली आणि म्हटलं, "ही गाडीत हिंदकळंल. धरून बस." महागाची वस्तू म्हटल्यावर तिचा जीव वरखाली. "दुसरं कुणी न्हाई का धरायला?" म्हणत म्हणत गाडीत बसली. पण रानात उतरली आणि कुणाकडं न बघता कोपीत जाऊन बसली, आपल्या सरीकडं पाठ करून. पाच दगडांच्या पांडवांची पूजा झाली, सतीशनं रानभर आंबील शिंपडली, तरी बाहेर आली नाही. आत्या बोलवून आली, मी बोलवून आले. "इतंच बरी हाय" म्हणाली.

पेटी मी बोअरच्या खोलीत लावली. रानात लाईट होती, तुरे तयार होते, आणि दाराशी ही गर्दी! शेजारचा बसप्पा सगळ्यात पुढं. वाकून आत बघत त्याच्या कानडी-मराठीत म्हणाला, "इदेन, अक्का? रेडिओ काय?"

"गोबी हाय, बसप्पा. अप्पाचीच, पण वाऱ्यावरची."

लोक हसले. मीही हसले. आणि पेटी उघडून बघते तर काय, तुरे पांढरे फटक! पंखा घुंई म्हणायच्या ऐवजी कण्हत होता. तुम्हाला सांगायला नको, एका डीपीवर सगळ्या शिवाराच्या पाण्याच्या मोटारी. लाईट आली की येळवस असो की काही असो, ऊसवाले मोटारी चालू करून जेवायला बसतात. पेटीला करंट पुरेना. एवढे दिवस जमवलेली गोबी, दारात माणसं, कोपीत आई, आणि माझ्या हातात ते कच्चे तुरे. रडूच आलं मला, अप्पा. पण मी रडले नाही. खोलीच्या दारात उभी राहून सरळ म्हणाले, "करंट पुरंना. गोबी होत न्हाई."

बसप्पानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कोपीकडं. तसाच बांधावर चढला आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन असा ओरडला की पार ओढ्यापलीकडं ऐकू गेलं असेल. "मोटर बंद माड्री! एऽऽ, मोटर बंद माड्री! अप्पाची गोबी चाललीया!" आधी स्वतःच्या बोअरकडं पळत गेला आणि बटण दाबून आला. मग ओढ्याकडची एक थांबली. मग वरच्या अंगाची. एकेक करत सगळ्या. भरल्या लाईटीत कुणी मोटार बंद करतं का हो? रात्रपाळीनं पाणी देणारी माणसं ही! तुमच्या गोबीसाठी केली त्यांनी.

रान एकदम गप्प झालं. आणि त्या शांततेत माझी पेटी अशी काही घुमायला लागली!

मोटारी थांबल्या तशी आई कोपीतून बाहेर आली. इतकी वर्षं शेतकऱ्याच्या घरात काढलेली बाई ती, लाईट असताना मोटार थांबली म्हणजे काहीतरी वाईट झालं, हेच तिच्या डोक्यात. पदर सावरत घाईनं आली. "काय झालं? मोटारी कामून बंद झाल्या? कुणाला लागलं-बिगलं का?"

बसप्पा म्हणाला, "काय न्हाई, वैनी. गोबीला करंट पुरंना, म्हणून बंद केल्या."

"समद्यांनी?"

"व्हय की. अप्पाची गोबी हाय न्हवं?"

आई तिथंच उभी राहिली. आपल्या सरीकडं बघितलं, मग लांबवर, सगळ्या रानाकडं. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. तुम्ही गेलात त्या दिवसानंतर ती पहिल्यांदा रडली, अप्पा. मी जवळ गेले नाही. मला घाणा काढायचा होता, आणि गेले असते तर मीही सुरू झाले असते.

घाणा निघाला, खरपूस लालभडक. पहिली ताटली आईपुढं धरली. सगळी माणसं बघायलीत. तिनं एक तुरा उचलला, फुंकर घातली, तोंडात टाकला. कुर्रर्र असा आवाज मला ऐकू आला! बराच वेळ चावत राहिली. आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

अप्पा, मीठ कमी आहे हे कळलं तिला! चव लागली!

मग दुसरा तुरा. मग तिसरा. "तेलातली ती तेलातलीच. ही आपली बरी हाय, दम न्हाई." असं म्हणत म्हणत ताटली संपवली की हो! मग हात झटकून पेटीपाशी फतकल मारून बसली आणि मला म्हणाली, "सरक. तुरे मला दे. मोठे मोठे ठिवलीस, आत कच्चे ऱ्हातेत." आत्यानं तर इतकी खाल्ली की शेवटी मलाच म्हणावं लागलं, आता बास. भांडी गोळा करताना आई सतीशला म्हणाली, "पुढल्या येळवसला कढई आण. वरीस सरलेलं असतंय. मी बसते कढईपाशी."

तर कशी झालती गोबी? खरं सांगते: तुमच्यापेक्षा चांगली. बसप्पाला विचारा. मीठ तेवढं कमी.

आता माझा शब्द घ्या. पुढच्या येळवसला तुमच्या तीन दगडांवर कढई चढेल, आई तिच्यापाशी बसेल, आणि तिच्याशी मिठावरून भांडायला मी उभी राहीन, तुमच्या जागी. पेटी पण नेईन. सतीशची जीभ तुमच्यावरच गेलीय, म्हणून त्याची गोबी त्यातलीच. तुम्हाला गाड्यावर पळू दिलं, तसं त्याला देणार नाही. आणि ऊसवाल्यांना आधीच सांगून ठेवलंय. गोबी होईपर्यंत मोटारी बंद.

तुमची,
मंगल