सोबत्याशिवाय

गिरगाव,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. वैदेहीस कालिंदीआत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू बंगळुरूहून एक दिवसाआड फोन करतेस, तरी शुक्रवारी मला कागद लागतोच. शाळेत सिस्टर दर शुक्रवारी घरी पत्र लिहायला लावायच्या, मग घर समोरच्या गल्लीत का असेना. ती खोड गेली नाही.

जबलपूरहून परवा परतलो. भेडाघाट पाहिला. अप्पांनी आम्हा भावंडांना न्यायचं कबूल केलं होतं, ते राहून गेलं. आता साठी उलटल्यावर प्रफुल्लने, तुझ्या बाबांनी, नेलं. पण सांगायचंय ते निराळंच. दादरला टॅक्सीतून उतरताना प्रफुल्लने माझा हात धरला, तो बर्थवर बसवेपर्यंत सोडला नाही. जिन्यावर म्हणाला, ताई, सावकाश, मी आहे. रात्री मी उठले तर हाही उठला. तुझी आई, लतिका, बिचारी बॅगा घेऊन मागून येत होती.

तुला हसू येईल, पण मला भरून आलं. लहानपणी शाळेच्या वाटेवर हा पुढे पुढे चालायचा, ओळखच नसल्यासारखा. पोरं त्याला लंगडीचा भाऊ म्हणायची. पोलिओ मला झाला आणि चिडवणं त्याच्या वाट्याला आलं, त्याचा तरी काय दोष? मला आधार लागत नाही, हे तुला ठाऊक आहे. जाड तळव्याचा बूट घालून विमा कंपनीतली नोकरी निवृत्तीपर्यंत केली, बसला लोंबकळूनही गेले. तरी म्हटलं, धरतोय तर धरू दे.

घाटाच्या पायऱ्यांवर मात्र ती दोघं फोटो काढत पुढे गेली. मी कठडा धरून उतरले. सवयच आहे.

एक रुखरुख राहिली. अपंगांच्या सवलतीचं तिकीट मी जन्मात काढलं नव्हतं. पेन्शन येते, पाय चालतो, मग कशाला? पण तो म्हणाला, त्याशिवाय खालचा बर्थ मिळायचा नाही. सवलतीच्या कार्डासाठी डॉक्टरांकडे त्यानेच नेलं आणि पुढचंही सगळं त्यानेच पाहिलं. मी फार ताणलं नाही.

वेळेवर जेवत जा. आत्याची आठवण असू दे.

तुझी
कालिंदीआत्या


बंगळुरू,
९ मार्च २०२५

ती. आत्यास वैदेहीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. इथे कुणाला कागदावर पत्र येत नाही, त्यामुळे माझा भाव वधारला आहे.

सवलतीची रुखरुख आधी काढून टाक. ती भीक नाही, तुझा हक्क आहे. तू आयुष्यभर घेतली नाहीस हाच वेडेपणा. तिकिटं मीच इथून काढली, म्हणजे पाप असेल तर अर्धं माझं. आधी मी सोबती म्हणून आईचं नाव घातलं होतं. त्यावर बाबा फोनवर ओरडले. सोबत्यालाही तुझ्याइतकीच सवलत असते ना, तर ती त्यांना हवी होती. ज्येष्ठांची सवलत कोरोनात गेली ती परत आली नाही, हे त्यांचं जुनं दुःख आहे. त्यांच्या ओळखीच्या एका जोडप्याला टीसीने पकडलं होतं, कारण ज्या बाईला सोबत्याशिवाय हलता येत नाही असं कार्डावर लिहिलं होतं, ती टुणकन उतरून फलाटावर वडे आणायला गेली. तेव्हापासून बाबांनी धसका घेतलाय. मला म्हणाले, ताई एकटी टकाटक चालते, कुणी पाहिलं तर विचारील हिला सोबती कशाला, तेव्हा मी तिला हाताला धरूनच नेणार. नाटकात काम केलं असतं तर बक्षीस मिळालं असतं त्यांना!

आता दिवाळीत केरळचं घाटतंय. तुझ्याशिवाय जमणारच नाही म्हणतात. जा मजेत. तब्येत सांभाळ, आणि माझ्यावर रागावू नकोस कधी.

तुझीच
वैदेही


गिरगाव,
१४ मार्च २०२५

चि. प्रफुल्लास अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते.

सोबत्याचं मला वैदेहीकडून कळलं. तिच्यावर चिडू नकोस, ती निर्मळपणे लिहून गेली. रेल्वेवर माझा राग नाही. माझा पाय आखूड आहे हे खरंच आहे, त्याची सवलत घेतली तर चोरी होत नाही, हेही मला पटतं. खोटं आहे ते एवढंच, की मी तुझ्याशिवाय जाऊ शकत नाही. प्रफुल्ल, मी सगळं आयुष्य तुझ्याशिवायच गेले.

आपल्या डब्यात दाराशी एक आई होती, आठवते? वीस-बावीस वर्षांच्या मुलाला पाठुंगळी घेऊन चढली होती. त्यांना वरचे बर्थ मिळाले होते. पोराला वर कसं चढवू, असं ती जो दिसेल त्याला विचारत होती. विचारत आपल्यापाशी आली, तेव्हा तू माझा हात आणखी घट्ट धरलास. मला वाटलं, तुलाही तिच्याकडे बघून गलबललं. म्हणून माझा खालचा बर्थ द्यायला मी उठले नाही. तू शेजारी होतास ना, मला उठवेना.

ते कार्ड मी पुन्हा वापरणार नाही. पण केरळला यायची इच्छा आहे. तिघांची पूर्ण तिकिटं मी काढते. तू हात धरू नकोस, लहानपणीसारखा पुढे चाललास तरी चालेल. फक्त शेजारी बैस आणि गप्पा मार. येशील का, एवढं कळव.

लतिकाला आशीर्वाद. माया होती तशीच आहे.

तुझी
ताई


परळ,
१९ ऑगस्ट २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं. तुला कागदच लागतो म्हणून लिहितोय.

तू उगाच मनाला लावून घेतेस. जग काय काय करतं! सरकार देतंय ते घेतलं, कुणाच्या खिशात हात घातला नाही. त्या पायाने तुझं लग्न घेतलं, आईची झोप घेतली, शाळेत माझी अब्रू घेतली. त्याने एकदा काही दिलं तर लगेच पाप झालं? आणि तुझ्या पैशांनी फिरायला मी काही भिकारी नाही.

असो. तुझी अडचण आता उरलेली नाही. लतिकाच्या आईचे गुडघे दुखतात. एक डॉक्टर ओळखीचे निघाले, तिचं कार्ड झालं. बाई मंडईतून दोन पिशव्या भरून आणते, पण कार्डावर सोबती आहे. त्यामुळे केरळचं पक्कं. भाऊबीजेला आम्ही तिकडेच असू, यंदा वाट पाहू नकोस. ओवाळणी आल्यावर देईन.

राग नसावा. तब्येतीस जप.

तुझा
प्रफुल्ल


गिरगाव,
२४ ऑक्टोबर २०२५

चि. वैदेहीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी साडी पोचली. रंग माझ्या वयाला शोभत नाही, म्हणूनच लगेच नेसले.

लतिकाने दादरहून निघतानाचा फोटो पाठवलाय. तुझे बाबा सासूबाईंना दंडाला धरून नेतायत, मान त्यांच्याकडे झुकलेली. शेजारच्या मालनताई बघून म्हणाल्या, असा जावई मिळायला भाग्य लागतं.

तू फोनवर रडलीस, सगळं माझ्यामुळे झालं म्हणालीस. तसं नाही गं. तू लिहिलं नसतंस तर मी आज केरळात असते, आणि सुखात असते, एवढाच फरक. ते बरं झालं असतं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही. त्या दाराशी उभ्या आईचं तोंड आठवलं की ठरतं, आणि घरात ताट वाढून घेतलं की पुन्हा बिनसतं.

काल भाऊबीज. ज्या बाईला भाऊ नसतो तिने चंद्राला ओवाळायचं, असं आई सांगायची. बीजेचा चंद्र दिवेलागणीलाच मावळायला टेकतो, आणि आमच्या गॅलरीसमोर आता टॉवर आलाय, तिथून काही दिसत नाही. तबक घेतलं आणि चाळीचे सगळे जिने चढून गच्चीवर गेले. एकटीच गेले.

लोभ कमी करू नकोस, तेवढा एक राहिलाय.

तुझी
आत्या