अण्णांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड

अण्णा, तुमचा कॉम्प्युटर उघडत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मधल्या काळात कुणी त्याच्यावरची धूळसुद्धा पुसली नाही, आणि आता आम्ही मायलेकी त्याच्यापुढं हात जोडून बसलोय. कारण आईचे पैंजण गेले. पाय सुजले म्हणून तिनं ते काढून पिशवीत ठेवले होते, आणि हुपरीहून कोल्हापूरला माझ्याकडं येताना पिशवीच एसटीत राहिली. तुम्ही स्वतः कॉम्प्युटरवर नमुना काढून तिच्यासाठी केलेला तो एकच जोड. ती रडली नाही, पण तेव्हापासून पायात दुसरं काही घालत नाही. "तसलाच पायजे. न्हायतर नगं." कारागीर म्हणतो, नमुना आणा, लगेच करून देतो. आणि नमुना तुमच्या त्या डब्यात.

हुपरीहून आणून इथं मंगळवार पेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडं नेला. चालू केला तर तुमचं नाव, खाली अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, आणि पासवर्डची रिकामी चौकट. त्यानं आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून बघितली आणि म्हणाला, "ताई, पासवर्ड धा मिंटात उडवतो. पण नमुन्याच्या फोल्डरला वडलांनी येगळं कुलूप घातलंय. पासवर्ड उडवला की त्ये फोल्डर कायमचं गेलं बघा. त्यांचाच पासवर्ड आठवायला लागतोय." आता हे काय त्रांगडं, अण्णा? मला काही कळेना. एवढं कुणाला भ्यायला होता तुम्ही? शेजारचे कारागीर नमुने चोरतात म्हणून तुम्ही घरच्यांनाही स्क्रीनकडं बघू देत नव्हता, हे खरं. शाळेतून आल्यावर एकदा मी तुमच्या पाठीमागून वाकले, तर केवढ्यांदा खेकसला होता, "डोळं मिट की!" आणि मी वेडी, खरंच मिटून उभी राहिले. मग तुम्हालाच हसू आलं.

मी आईचं नाव टाकलं, माझं टाकलं, आपल्या म्हशीचंसुद्धा टाकलं. चुकलं की खाली एक ओळ येते, तुम्हीच लिहून ठेवलेली: लेकीला विचारा. मी बघतच राहिले. लेक म्हणजे मीच की! दुसरी कोण आहे तुम्हाला? हे लिहिलं कधी तुम्ही? आजारी पडायच्या आधी? मग तेव्हाच का नाही सांगितलं? आई मागं उभी होती, ती सुरूच झाली. "व्हय की! दवाखान्यात तुला सांगतो म्हणालते. मी च्या आणायला गेलते, तवा सांगितलंच असंल. आठव की! डोस्कं हाय का खोकं?"

"विसरले," मी म्हटलं. दुरुस्तीवाला बिचारा म्हणाला, "इसरतंय माणूस."

अजून डोळ्यांपुढं दिसतं, दवाखान्यात तुम्ही उशीवरून मान उचलता, म्हणता, "पोरी, कॉम्प्युटरचं तेवढं ध्यानात ठेव." आणि मी तुमच्या तोंडावर हात ठेवते. "अण्णा, असलं अभद्र बोलायचं नाही. घरी आल्यावर सांगा." आजारी माणूस किल्ल्या द्यायला लागला तर घ्यायच्या नाहीत, घेतल्या की तो सुटतो आणि जातो, हे आपल्याकडं लहानपणापासून ऐकलेलं. मला वाटलं, मी नाहीच घेतलं तर तुम्हाला थांबावंच लागेल. तुम्ही माझा हात बाजूला केला आणि भिंतीकडं बघत पडून राहिला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून परत आणलाय, त्याला काहीच उडवू दिलं नाही. आई रोज सकाळी विचारते, "आठवलं काय?" मी म्हणते, "आठवतेय, थांब जरा." ती थांबते. मला लवकर आठवावं म्हणून कालपासून तिनं बदामसुद्धा भिजत घालायला सुरुवात केलीय. हे सगळं खरं तर तिला सांगायला पाहिजे. तिच्यासमोर तोंड उघडत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसले.