बिनबुडबुड्याचा ऑरिन

१२ जानेवारी
आज चर्चमध्ये ऑरिनला निरोप दिला. चाळीस वर्षांचा शेजार. लाकूड कातायच्या लेथवर माझ्याहून थोडा बरा होता, हे आता मान्य करायला हरकत नाही.

नंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि सँडविच. तिथेच मला कल्पना सुचली. त्याच्या बायकोला, लव्होनला म्हणालो, ऑरिनची थोडी राख मला दे. रेझिनमध्ये, त्या गोठून काचेसारख्या होणाऱ्या चिकात, मिसळून साच्यात ओततो, लेथवर कातून तुझ्या तिन्ही मुलांना एकेक पेन करून देतो. ती म्हणाली, छे रे व्हर्लिन, तुला कशाला त्रास. आमच्याकडे दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, ही रीत. ती तिसऱ्यांदाही नाही म्हणाली. दुःखात माणसाची मोजणी चुकते. चौथ्यांदा पास्टरच्या देखत विचारलं, तेव्हा कुठे बरं म्हणाली.

मे महिन्यात तळ्यावरचं बर्फ फुटलं की बाकीची राख पाण्यात सोडणार. पेनं त्या दिवशी हवीत. मे! मी फेब्रुवारीतच मोकळा होईन.

१९ जानेवारी
लव्होनने लोणच्याच्या बरणीत राख आणून दिली. देताना तिला माझ्याकडे बघवेना. बिचारी. बरणी गॅरेजमध्ये फळीवर ठेवली. म्हटलं, ये ऑरिन, बैस.

माझी बायको अर्डिस दारातून म्हणाली, त्या बरणीशी बोलत जाऊ नकोस. बायकोला मैत्रीतलं काय कळणार.

२४ जानेवारी
पहिलं ओतकाम. बाहेर उणे वीस, गॅरेजमध्ये त्याहून थोडं बरं. रेझिन थिजलेल्या मधासारखं. हाताने कोण ढवळत बसणार? ड्रिलला दांडा लावला आणि ताक घुसळावं तसं घुसळलं. साच्यातून निघाला तो ऑरिन नव्हे, साबणाचा फेस.

दोष थंडीचा.

२ फेब्रुवारी
कातकाम मंडळाची बैठक. आमचा अध्यक्ष गेलन. त्याच्याकडे हवेच्या दाबाचं भांडं आहे. नाकापेक्षा मोती जड. माझा नमुना उजेडाकडे धरून म्हणाला, हे काहीतरी वेगळंच आहे. कौतुक करणं त्याला जड जातं, पण केलं.

मग शिकवणी. रेझिनचे डबे आधी कोमट पाण्यात ठेव. हळू ढवळ. बारीक धारेने ओत. राख भाजून कोरडी कर. साचा माझ्या भांड्यात ठेव, दाबाने बुडबुडे चिरडून दिसेनासे होतात. नाहीतर राहू दे, मीच करून देतो. मी म्हटलं, ऑरिन माझा मित्र होता. तो म्हणाला, म्हणूनच सांगतोय.

मत्सर. दुसरं काय.

७ फेब्रुवारी
राख भाजून कोरडी करावी, असं मला सुचलं. अर्डिस शेजारी गेली होती. ओव्हनच्या वरच्या कप्प्यात तिची हॉटडिश, म्हणजे रात्रीचं बटाटे-मांसाचं जेवण, खालच्या कप्प्यात ताटलीत ऑरिन. ओव्हनला पंखा आहे हे लक्षात राहिलं नाही.

जेवताना अर्डिस म्हणाली, आज मिरी जास्त पडली का रे? आणि ताट सरकवलं. मी दोनदा वाढून घेतलं. उरलेलंही मीच संपवलं. शेवटी मित्र होता.

१५ फेब्रुवारी
दुसरं ओतकाम. बुडबुड्यांवरून ज्योत फिरवली की ते फुटतात. पहिल्या फेरीत फुटले. मला हुरूप आला. दुसऱ्या फेरीत रेझिन उकळलं, तिसऱ्या फेरीत साचा पेटला. ऑरिन पुन्हा जळला. त्याची माफी मागितली.

भुवया परत येतात म्हणे.

१ मार्च, सकाळ
रंग फवारायचं जुनं भांडं मिळालं. स्वतःचं. आता गेलनचं तोंड बघायला नको. साचा आत, झाकण घट्ट, कॉम्प्रेसर चालू. रेझिन दगडासारखं होईपर्यंत दाब सोडायचा नसतो. निश्चय: उद्यापर्यंत झाकणाला हात लावणार नाही.

१ मार्च, दुपार
फक्त बघायला उघडलं. दाब गेला तसे दडून बसलेले सगळे बुडबुडे फुगून वर आले, जणू माझीच वाट बघत होते. झाकण परत लावलं, पण रेझिन तोवर घट्ट व्हायला लागलं होतं. ऑरिनची सवय मला लागली. तोही मासा लागला का बघायला सारखा गळ वर काढायचा. म्हणजे यात दोष त्याचाच.

२० मार्च
तरी तेच लेथवर चढवलं. कातेन तसा एकेक बुडबुडा उघडा पडून खड्डा होतो. सुपरग्लूमध्ये राख कालवून खड्डे बुजवले. एका खड्ड्यात अंगठा राहिला. अर्डिसने तो सोडवता सोडवता गेलनला फोन कर म्हणून सांगितलं. मी म्हटलं, कुठल्या अंगठ्याने?

ते पेन फेकलं. अंगठ्याचं थोडं कातडंही गेलं त्याच्याबरोबर.

४ एप्रिल
बरणीत चमचाभर ऑरिन उरलाय. पेन एकही नाही.

आमच्या शेगडीतली राख चाळून मिसळली. बर्चची आहे, चांगल्या लाकडाची. ऑरिनला बर्च आवडायचं. अगदी थोडी मिसळली. वाटीभर.

५ एप्रिल
जेवण गेलं नाही. त्याची मुलं ती पेनं छातीशी धरतील आणि आत माझं सरपण. बरणीला म्हटलं, ऑरिन, बोल काहीतरी. निदान शिव्या तरी घाल. अर्डिस दारात उभी होती. तोंडावर हात धरून आत गेली. तिचे खांदे हलत होते. रडत असावी.

२६ एप्रिल
तिन्ही पेनं तयार. बुडबुडे आहेत, पण तिरपं धरलं तर माशाने पाण्याखाली श्वास सोडावा तसे दिसतात. ऑरिनला मासेमारीचं वेड होतं. मुद्दाम ठेवलेत असं सांगायचं. जितका विचार करतो तितकं वाटतं, मुद्दामच ठेवलेत.

१० मे, दुपार
तळं मोकळं झालं. राख सोडून झाल्यावर सगळ्यांसमोर पेनं दिली, चार शब्द बोललो. थोरली म्हणाली, अय्या, हे वेगळंच आहे. धाकट्याने टोपण ओढलं आणि पेन बुडबुड्यांच्या रेषेवर कटकन मोडलं. सगळ्यांना एकदम कॉफीची आठवण झाली.

तुकडे उचलायला वाकलो, तेव्हा त्याच्या खिशाकडे लक्ष गेलं. दुसरं एक पेन होतं. काचेसारखं स्वच्छ, आत राखेचा धुक्यासारखा पट्टा. एकही बुडबुडा नाही. थोरलीच्या पर्समध्ये तसंच. मधल्याच्या कोटाला तसंच. गेलनचा हात कुठेही ओळखू येतो. लव्होन लाल झाली. तिने मला केक दिला. मी खायच्या आत दुसरा तुकडा दिला.

१० मे, संध्याकाळ
घरी येताना गाडीत अर्डिसला विचारलं. म्हणाली, लव्होनचा जानेवारीतच फोन आला होता, तुझ्या नवऱ्याला नाही कसं म्हणू गं, तो ऐकतच नाही. अर्डिसनेच सुचवलं, तुमच्या सौनाच्या, त्या वाफेच्या न्हाणीच्या, शेगडीतली राख दे भरून, त्याला काय कळतंय. खरा ऑरिन गेलनकडे गेला आणि आठवड्याभरात पेनं होऊन घरी परतला.

मग म्हटलं, म्हणजे सगळा हिवाळा मी गॅरेजमध्ये कोणाशी बोलत होतो?

अर्डिस म्हणाली, नेहमी बोलतोस त्याच्याशीच. स्वतःशी.